नडगीच्या वरच्या टोकाचं ऑपरेशन: घरी आल्यावर कधी कशावर लक्ष ठेवायचं

डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना वाटतं, मोठं संकट टळलं. गुडघ्यालगत नडगीचं हाड मोडून प्लेट आणि स्क्रू बसवलेल्या पेशंटची खरी राखण मात्र त्या दिवसापासून घरच्यांकडे येते. मी नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते. पंचवटीतले जुने वाडे, सिडकोतली लिफ्ट नसलेली घरं, निफाड-दिंडोरीकडचे मळे, सगळीकडे असे पेशंट असतात. जिथे काहीतरी बिघडलेलं असतं तिथे बहुतेक वेळा एकच वाक्य कानावर येतं: "ऑपरेशन झालंय म्हटल्यावर दुखणारच ना, ताई!" या वाक्यापायी हातातले दिवस जातात. कुठलं दुखणं ऑपरेशनचं आणि कुठलं गुंतागुंतीचं, हे ओळखता यावं म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या सर्जननी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, कारण तुमचं हाड त्यांनी उघडून पाहिलेलं आहे.

पहिली पायरी: घरी निघण्याआधी कार्ड समजून घ्या

नडगीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे गुडघ्याच्या सांध्याचा तळ. मांडीचं हाड त्यावर टेकतं आणि चालताना अंगाचं वजन तिथूनच खाली उतरतं. त्यामुळे इथलं फ्रॅक्चर हे नुसतं हाडाचं नसतं, सांध्याचंही असतं. खचलेल्या फरशीखाली भर घालून ती पुन्हा लेव्हलला आणावी, तसं सर्जन सांध्याचा दबलेला भाग वर उचलतात, खाली कमरेच्या हाडाचा चुरा किंवा कृत्रिम हाड भरतात आणि बाजूनं प्लेट लावतात. ती भर पक्की व्हायला महिने लागतात. पुढे वजनाबद्दल जी बंधनं येतात ती सगळी त्यासाठीच.

कार्डावर 'टिबिअल प्लॅटो फ्रॅक्चर' लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा त्यापुढे 'शॅट्झकर' आणि १ ते ६ मधला एक आकडा. टोरोंटोचे सर्जन जोसेफ शॅट्झकर यांनी केलेली ही वर्गवारी. १ ते ३ म्हणजे सांध्याची बाहेरची बाजू, ४ म्हणजे आतली, ५ म्हणजे दोन्ही, आणि ६ म्हणजे सांध्याचा भाग खालच्या दांड्यापासूनच सुटलेला. शेवटचे तीन प्रकार सहसा जोराच्या मारानं होतात: हायवेवर बाइकला धडक, ट्रॅक्टर उलटणं, उंचावरून पडणं. मांस, कातडी आणि रक्तवाहिन्याही तिथे जास्त दुखावलेल्या असतात, म्हणून गुंतागुंतही तिथेच अधिक होते. पण आकडा लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ठिसूळ हाडाच्या आजी मोरीत घसरल्या तरी सांधा खचतो, आणि उचलून बसवलेलं हाड पुन्हा दबण्याची भीती अशाच हाडात जास्त असते.

निघण्याआधी डॉक्टरांकडून चार गोष्टी कार्डावर लिहूनच घ्या. पायावर वजन किती आणि कधीपासून टाकायचं, गुडघा किती वाकवायचा, रक्त पातळ करणारं औषध किती दिवस चालणार, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या लोकांनी तर शेवटचं विचारल्याशिवाय गाडीत बसूच नये.

दुसरी पायरी: पहिले दोन-तीन दिवस, पोटरीतला दाब

ही गुंतागुंत तासांच्या हिशेबात चालते. गुडघ्याखालच्या पायात स्नायूंचे चार कप्पे असतात आणि त्यांची आवरणं ताणली जात नाहीत. आत रक्त आणि सूज वाढली की दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो. असं सुमारे सहा तास राहिलं तर स्नायू आणि नसा कायमच्या निकामी होऊ शकतात. डॉक्टर याला 'कंपार्टमेंट सिंड्रोम' म्हणतात. हा बहुधा अपघातानंतर किंवा ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत होतो, म्हणजे पेशंट अजून वॉर्डातच असतो. पण वॉर्डात रात्रभर पेशंटजवळ बसलेले असतात ते घरचेच.

ओळखायचं कसं? दुखणं दिलेल्या औषधाला दाद देत नाही, उलट तासागणिक वाढतं. पोटरी दगडासारखी टणक लागते. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण: तुम्ही पेशंटच्या पायाची बोटं हातानं हळूच वर-खाली केलीत तर पोटरीत कळ उठते. बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा येतो. पायाची नाडी लागते म्हणून समाधान मानू नका, कारण हा दाब वाढलेला असतानाही नाडी लागू शकते. आणि कमरेतून किंवा नसेजवळ बधिर करण्याचं इंजेक्शन दिलेलं असेल तर दुखणं झाकलं जातं, तेव्हा पोटरीचा टणकपणा जास्त बारकाईनं बघायचा.

शंका आली तर सिस्टरला लगेच सांगा आणि डॉक्टर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. पाय छातीच्या पातळीला ठेवा, उशांवर उंच चढवू नका. घट्ट पट्टी सैल करायला सांगा. यावरचा उपाय म्हणजे आवरण कापून दाब मोकळा करणं. तो कापलेला पाय बघून नातेवाईक हादरतात, पण पाय त्यानंच वाचतो. ती जखम काही दिवस उघडी ठेवून नंतर शिवतात किंवा तिच्यावर कातडी लावतात. अशा पायाला पुढे जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

तिसरी पायरी: जखम

नडगीच्या पुढच्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच. स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवून बघा, लगेच कळेल. त्यामुळे इथली जखम फार नाजूक. सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत सर्जन थांबतात ते याचसाठी. कधी बाहेरून सळ्या लावून आठ-पंधरा दिवस पाय तसाच ठेवतात आणि मग प्लेट घालतात. "इतके दिवस नुसतं ठेवून घेतलंय" अशी तक्रार नातेवाईक करतात. ती थांबण्याची वेळ जखमेसाठी असते.

पहिले काही दिवस ड्रेसिंगला थोडं पाणीदार, फिकट लालसर काही लागलं तर घाबरायचं कारण नाही. दिवसागणिक ते कमी होत गेलं पाहिजे. आठवडा उलटूनही जखम ओली असेल, कोरडी झालेली पुन्हा पाझरायला लागली, लाली पसरत चालली, घाण वास आला, टाक्यांची कड काळी पडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, काहींचे तीन.

आता या भागातलं सगळ्यात कळकळीचं सांगणं. जखम पाझरायला लागली की मेडिकलवरून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणून देऊ नका. गोळीनं वरची लाली उतरते, दोन-चार दिवस बरं वाटतं आणि आत प्लेटवर जंतू तसेच राहतात. नंतर पू तपासायला पाठवला तर त्यात जंतू सापडत नाहीत, मग नेमकं औषध निवडणं अवघड होतं. लवकर पकडलेल्या संसर्गात जखम उघडून आत स्वच्छ धुतात, नेमकं अँटिबायोटिक देतात आणि प्लेट घट्ट असेल तर बहुधा हाड जुळेपर्यंत ती ठेवता येते. महिन्यांनी आलात तर प्लेट काढणं, पुन्हा ऑपरेशन, कधी मांडीची किंवा पोटरीची कातडी-मांस फिरवून लावणं इथवर गोष्ट जाते. वर्षभरानंतरसुद्धा जुन्या व्रणावर एखादी पुटकुळी येऊन त्यातून थोडा थोडा स्राव येऊ लागला, तर ती आतल्या संसर्गाची वाट असू शकते. मलम लावत बसू नका.

हळद, कोरफड, झाडपाल्याचा लेप, यातलं काहीही ताज्या टाक्यांवर नको. मळ्यावर राहणाऱ्यांनी गोठ्यात आणि ओल्या मातीत जखम उघडी नेऊ नये. ड्रेसिंग करणाऱ्यानं आधी साबणानं हात धुतले की नाही, हे विचारायला संकोच करू नका.

डायबेटीस असेल तर साखर ताब्यात ठेवणं हा जखमेचाच उपचार आहे. अपघातानंतर आणि ऑपरेशननंतर साखर चढते, पूर्वीच्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत, म्हणून घरी मशीनवर तपासून वहीत लिहा. आणि तंबाखू. बिडी-सिगारेट तर सोडायचीच, पण मिश्री, गुटखा, चुन्याची चिमूटही. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे कातडीही उशिरा भरते आणि हाडही. घरात आजींना मिश्रीबद्दल बोलायला कुणी धजत नाही, म्हणून मी इथे स्पष्ट लिहिते.

"आंबट खाल्लं की पू होतो" या समजुतीपायी पेशंटचं दही, लिंबू, टोमॅटो बंद करतात. त्यानं पू होत नाही. लिंबू-पेरू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व जखम भरायला लागतंच. डाळी, उसळी, दूध, अंडी, चालत असेल तर मासे-चिकन, हे रोज पोटात गेलं पाहिजे. नुसत्या पेजेवर आणि खिचडीवर पेशंटला ठेवू नका.

चौथी पायरी: रक्ताची गाठ

पाय हलत नाही, वजन पडत नाही, आत मार लागलेला आहे, अशा वेळी पायाच्या खोल शिरेत रक्त गोठू शकतं. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. हा धोका पहिले काही आठवडे राहतो. म्हणून पोटात घ्यायची इंजेक्शनं किंवा गोळ्या देतात. "बरं वाटतंय" म्हणून ती मध्येच बंद करू नका आणि ती चालू असताना अंगदुखीची जादा गोळी न विचारता घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

ऑपरेशनचा पाय सुजलेला असणारच. मग गाठ कशी ओळखायची? मी घरच्यांना एक टेप आणायला सांगते. गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा लागतो, त्यापासून दहा सेंटिमीटर खाली पेनानं दोन्ही पायांवर खूण करायची आणि रोज सकाळी, उठून बसण्याआधी, पोटरीचा घेर मोजून कॅलेंडरवर लिहायचा. ड्रेसिंग किंवा पट्टी त्या जागी असेल तर ती निघाल्यावर सुरुवात करायची. आकडा हळूहळू उतरत गेला पाहिजे. उतरता उतरता अचानक वाढला, पोटरी गरम आणि दुखरी झाली, मांडीपर्यंत सूज चढली, तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफीची विचारणा करा. पाय खाली सोडला की लाल-निळा पडतो आणि वर घेतला की निवळतो, हे बऱ्याच जणांना होतं, त्यानं घाबरू नका.

छातीत कळ, अचानक दम लागणं, खोकल्यातून रक्त, चक्कर: यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन. दुखणाऱ्या पोटरीला कुणीही मालिश करायची नाही. "नस चढली असेल, जरा चोळून देतो" म्हणणारा मायेनंच म्हणत असतो, पण आत गाठ असेल तर चोळण्यानं ती सुटू शकते. हाडवैद्याकडे नेऊन घट्ट पट्टी बांधून घेणंही तितकंच धोक्याचं.

घोटा वर-खाली हलवण्याचा व्यायाम मात्र जागेपणी तासातासाला करायचा. पोटरीतलं रक्त त्यानं वर सरकतं.

पाचवी पायरी: पाऊल लोंबकळणं

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस खाली जाते. ती अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये ताणली गेली तर पाऊल आणि अंगठा वर उचलता येत नाही. ब्रेसचा पट्टा तिथे रुतला किंवा पाय बाहेर कलंडून तासन्‌तास कडक लोडावर टेकला तरीही हे होतं. रोज सकाळी पेशंटला अंगठा नाकाकडे ओढायला सांगा. काल येत होतं आणि आज येत नाही, असं झालं तर पट्टा सैल करून लगेच फोन. बऱ्याच जणांची नस महिन्यांनी सावरते, तोवर पाऊल लोंबकळून घोटा आखडू नये म्हणून स्प्लिंट लावतात. व्रणाच्या बाजूची कातडी बधिर असणं वेगळं, तिची काळजी नको.

सहावी पायरी: गुडघा वाकवायचा, पण वजन टाकायचं नाही

घोळ होतो तो इथेच, कारण दोन सूचना एकमेकींच्या उलट वाटतात. काही घरांत भीतीनं पाय महिनाभर हलूच देत नाहीत आणि गुडघा आखडतो. काही घरांत पेशंट दुखत नाही म्हणून पाय टेकून मोरीपर्यंत चालतो आणि बसवलेला सांधा खचतो. पहिली चूक सुधारता येते, पण त्रास फार. दुसरी सुधारायला कधीकधी पुन्हा ऑपरेशन लागतं.

गुडघा सरळ होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच सगळे विसरतात. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात. काही आठवडे तशी राहिली की गुडघा थोडा वाकलेलाच राहतो आणि चालताना कायम लंगड येतं. उशी काढा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा मोकळा अधांतरी राहू द्या. मग मी गुडघ्याखाली माझा तळहात सरकवते आणि म्हणते, "आता माझा हात गादीत दाबा." मांडीचा स्नायू आवळला की वाटी किंचित वर सरकताना दिसते. पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना तो स्नायू सापडतच नाही. म्हणून आधी चांगल्या पायावर करून घ्यायचं, मग दुसऱ्यावर.

वाकवण्यासाठी टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवून टाच चादरीवरून हळूहळू कुल्ल्याकडे ओढायची. वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या तासानं केलं तर सोपं जातं. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. जबरदस्तीनं कुणी वाकवून द्यायचं नाही. सर्जनची हरकत नसेल तर चार ते सहा आठवड्यांत काटकोनापर्यंत वाकणं हे बरं लक्षण. दोन-तीन महिने होऊनही काटकोन येत नसेल तर वाट पाहू नका. भूल देऊन वाकवणं किंवा दुर्बिणीतून आतल्या चिकट्या सोडवणं हे पर्याय आहेत आणि ते वेळेत केले तर चांगले लागू पडतात. मांडी घालणं, भारतीय संडासात बसणं याला काटकोनापेक्षा खूपच जास्त वाकावं लागतं, ते सगळ्यांनाच परत मिळेल असं नाही. घरात कमोड खुर्ची आणून ठेवा. निफाडकडच्या थंडीत सकाळी गुडघा जास्त आखडतो, तेव्हा घाई न करता ऊन चढल्यावर व्यायाम करा.

वजनाचं असं, की साध्या फ्रॅक्चरला साधारण सहा आठवड्यांनी आणि गुंतागुंतीच्याला दहा-बारा आठवड्यांनी, एक्स-रे बघून, थोडं थोडं सुरू होतं. "पायाचा नुसता टेक द्या" म्हणजे किती, हे तोंडी सांगून कळत नाही. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, वॉकर धरून उभे राहा आणि दुखरा पाय काट्यावर ठेवून सांगितलेल्या किलोवर आकडा येईपर्यंतच दाबा. दहा वेळा केलं की पायाला तो अंदाज बसतो. पेशंटचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण त्यांना वाटत असतं त्यापेक्षा दहा किलो फारच थोडे असतात.

वाड्यातल्या उंच पायऱ्यांवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. शक्य असेल तर पहिले तीन महिने खाटच तळमजल्यावर आणा. दवाखान्यात जाताना रिक्षापेक्षा मागच्या सीटवर पाय लांब करता येईल अशी गाडी बरी.

गोडी छाटणी तोंडावर आली की द्राक्षवाल्यांचा जीव बागेत अडकतो, हे मला कळतं. वर्षाचं उत्पन्न त्या दिवसांवर असतं. पण ढेकळांतून वॉकर चालत नाही. बांधावर खुर्ची टाकून बसा आणि मजुरांना सांगा. अंबड-सातपूरला कंपनीत उभ्यानं काम असणाऱ्यांनी सुट्टीचा हिशेब सुरुवातीलाच चार-सहा महिन्यांचा धरावा, म्हणजे दुसऱ्या महिन्यात घाईनं हजर व्हायची वेळ येत नाही.

सातवी पायरी: तीन महिन्यांनंतर

साधारण सहा आणि बारा आठवड्यांचे एक्स-रे चुकवू नका, दुखत नसलं तरी. सांधा एका बाजूला थोडा थोडा दबत जातो तेव्हा पेशंटला सुरुवातीला काही कळत नाही, पाय वाकडा दिसू लागतो तो नंतर. इथलं हाड जाळीदार आणि भरपूर रक्ताचं असल्यामुळे ते न जुळणं विरळाच. सहाव्या प्रकारात खालच्या दांड्याशी जो जोड असतो तो मात्र रेंगाळू शकतो. वजन सुरू करून महिने झाले तरी नेमक्या एका जागी दाबल्यावर किंवा पाय टेकल्यावर कळ येत असेल तर ते बोलून दाखवा.

सांध्याची झीज हा लांबचा प्रश्न. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात अशा ऑपरेशन झालेल्या हजारो पेशंटचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांत सुमारे ७ टक्के लोकांना गुडघा बदलावा लागला होता, बाकीच्या तशाच लोकांमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत होतं. धोका वाढतो हे खरं, पण बहुतेकांना दहा वर्षांत ती वेळ आली नाही, हेही तितकंच खरं. वजन आटोक्यात आणि मांडीचे स्नायू मजबूत ठेवणं एवढं आपल्या हातात आहे. वणीच्या पायऱ्या, ब्रह्मगिरीची फेरी यांचा नवस बोललेला असेल तर सर्जननी मोकळं सोडल्याशिवाय निघू नका.

प्लेट काढायलाच हवी असं नाही. कातडीखाली टोचत असेल, गुडघे टेकून बसताना खुपत असेल तर हाड पूर्ण जुळल्यावर, बहुधा वर्ष-दीड वर्षानं, काढतात. काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड थोडं कच्चं असतं, म्हणून काही आठवडे उड्या, धावणं, जड ओझं टाळायचं. तोवरचे सगळे एक्स-रे, सीटी स्कॅन आणि ऑपरेशनचे कागद एका पिशवीत जपून ठेवा. प्लेट कुठल्या कंपनीची आणि कुठल्या मापाची आहे हे काढणाऱ्या सर्जनला आधी कळलं तर योग्य स्क्रूड्रायव्हर टेबलावर तयार राहतो.